अर्भकाचें हृदय आणि अर्बुद

संस्कृत भाषेंत ‘अर्बुद’ या एका शब्दाचे तीन अर्थ सांपडतात. भास्कराचार्यांच्या संख्यास्थानांत अर्बुद म्हणजे दहा कोटि. सुश्रुताच्या निदानस्थानांत अर्बुद म्हणजे शरीरांत वाढणारी गांठ. वाटोळी, घट्ट, खोल मूळ धरलेली, सावकाश मोठी होणारी व न पिकणारी, अशीं तिचीं लक्षणें त्यानें दिलीं आहेत. आणि त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानांत दुसऱ्या महिन्यांतील गर्भाच्या गोळ्याच्या एका आकारासही अर्बुद हेंच नांव आहे. गांठ आणि गर्भ या दोहोंस एकच नांव असावें हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु ज्या विषयाची चर्चा आम्ही या महिन्यांत करणार आहों, त्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पोटांतील बाळाच्या हृदयाला लागून क्वचित् अशी एक गांठ वाढते कीं, तिच्यांत केस, कातडी, कूर्चा असे बाळाच्याच शरीराचे घटक अस्ताव्यस्त पडलेले आढळतात.

असा कठीण विषय कुटुंबाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. आज आपल्या घरांत सुनेला किंवा लेकीला पांचवा महिना लागला कीं सोनोग्राफी होते. बहुतेक वेळां ‘सर्व ठीक आहे’ असा कागद घेऊन मंडळी हसत घरीं येतात. परंतु एखाद्या घरीं त्या कागदावर निराळीं अक्षरें येतात: बाळाच्या हृदयांत किंवा हृदयाजवळ गांठ दिसते, पुढील तपासणी करावी. त्या रात्रीं त्या घरांत काय होतें हें सांगावयास नको. आजी देवापाशीं बसतात, आजोबा ओळखीच्या डॉक्टरांस फोन लावतात, आत्याबाई ग्रहणाची तिथि आठवून पाहतात. आणि जिच्या पोटांत तें बाळ आहे तिला मात्र कोणी कांहीं सांगत नाहीं. अशा प्रसंगीं अज्ञानानें होणारें नुकसान गांठीनें होणाऱ्या नुकसानीहून लहान नसतें. म्हणून प्रसंग येण्यापूर्वींच या विषयाचें थोडें ज्ञान घरांत असावें, असें आम्हांस वाटतें.

दोन हृदयांची स्त्री

चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून त्या वेळीं स्त्री दोन हृदयांची होते व तिला ‘दौहृदिनी’ म्हणावें, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. आपल्या ‘डोहाळे’ या शब्दाचा संबंध याच कल्पनेशीं जोडतात. आधुनिक शास्त्राप्रमाणें हृदयाचें स्पंदन याहून पुष्कळ आधीं, गर्भधारणेनंतर सुमारें ३ आठवड्यांनीं सुरू होतें. परंतु त्याचे कप्पे, पडदे व झडपा यंत्रावर नीट पाहतां येण्यास १८ ते २२ आठवडे भरावे लागतात. म्हणजे पाहण्याचा आमचा काळ आणि सुश्रुताचा काळ यांत फार अंतर राहत नाहीं!

पूर्ण दिवसांच्या बाळाचें हृदय अक्रोडाएवढें असतें. तें मिनिटास १२० ते १६० वेळां उडतें. तीन किलो वजनाच्या बाळाच्या सर्व शरीरांत मिळून रक्त अदमासें पाव लिटर, म्हणजे चहाच्या दोन पेल्यांत मावेल इतकेंच. या हृदयाभोंवतीं एक दुपदरी पिशवी असते; तिला हृदयावरण म्हणूं. तिच्या दोन पदरांमध्यें वंगणासारखा थोडासा द्रव असतो, त्यामुळें हृदयाची हालचाल घर्षणावांचून होते. ही पिशवी रबरी फुग्यासारखी झटकन् ताणणारी नाहीं. तिच्यांत पाणी सांचलें किंवा गांठ वाढली कीं हृदयास पसरावयास जागा उरत नाहीं. हृदयाच्या अंगीं आकुंचन पावण्याची शक्ति असते, पण तें भरतच नाहीं. आणि जें भरलें नाहीं तें पुढें ढकलणार काय? शिरांतील रक्त मग मागें तुंबतें, आणि बाळाचें सर्व अंग सुजूं लागतें.

पोटांत असतांना बाळ फुप्फुसांनीं श्वास घेत नाहीं. प्राणवायु त्यास आईच्या रक्तांतून वारेच्या व नाळेच्या वाटेनें मिळतो. म्हणून मध्यम आकाराची गांठ असूनही कित्येक बाळें गर्भाशयांत निभावून नेतात. नाळ कापली, पहिला श्वास घेतला, कीं सगळा भार फुप्फुसांवर व त्या अक्रोडाएवढ्या हृदयावर येऊन पडतो. खरी कसोटी त्या घटकेपासून पुढें असते.

गांठींच्या तीन मुख्य जाति

अर्भकाच्या हृदयांतील गांठी फार विरळा. त्यांविषयीं पहिली ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, त्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. ‘गांठ’ म्हटल्याबरोबर मोठ्या माणसांच्या मनांत जें भय उभें राहतें, तें येथें जसेंच्या तसें लागू नाहीं. येथें गांठीचा दोष तिच्या जातींत नसून तिच्या जागेंत असतो. पाठीवर ती असती तर कोणी तिची पर्वा केली नसती. हृदयापाशीं असल्यामुळें ती जीव घेऊं शकते.

पहिली जाति रॅब्डोमायोमा. ही हृदयाच्या स्नायूंपासूनच झालेली गांठ होय, आणि बालकांत हीच सर्वांत अधिक आढळते. बहुधा ती एकटी नसते. हृदयाच्या भिंतींत व पडद्यांत लहानमोठ्या पुष्कळ असतात. १८६२ सालीं फ्रीड्रिख फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्यशास्त्रज्ञानें जन्मतांच दगावलेल्या एका अर्भकाचें शवविच्छेदन केलें, तेव्हां त्याच्या हृदयांत अशा गांठी व मेंदूंत कठीण झालेले भाग त्यास दिसले. पुढें १८८० मध्यें पॅरिसच्या बूर्नव्हील यानें मेंदूच्या या विकाराचें वर्णन केलें. त्यास आज ट्यूबरस स्क्लेरोसिस म्हणतात. हृदयांत अनेक गांठी असल्या तर हा विकार असण्याचा संभव मोठा असतो. तो शरीरांतील दोन विशिष्ट जनुकांपैकीं एकांतील दोषानें होतो. कित्येकदां तो आईबापांकडून येतो, पण बहुतेक वेळां कोणाकडूनही न येतां बाळांतच नव्यानें उत्पन्न होतो.

दुसरी जाति टेराटोमा. प्रारंभीं जिचा आम्ही उल्लेख केला ती हीच. गर्भाच्या प्रथमावस्थेंत शरीराचे सर्व अवयव घडविण्याचें सामर्थ्य असलेल्या ज्या मूळ पेशी असतात, त्यांपैकीं कांहीं भलत्याच जागीं राहिल्यामुळें ही गांठ होते, असें मानतात. ती हृदयाच्या बाहेर पण हृदयावरणाच्या आंत वाढते, आणि बहुधा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयांतून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या मुळाशीं एका देंठानें चिकटलेली असते. ती कधीं कधीं प्रत्यक्ष हृदयाहूनही मोठी होते. तिच्यामुळें हृदयावरणांत पाणी सांचतें, आणि बाळाच्या जिवास खरा धोका बहुधा त्या पाण्यापासून असतो.

तिसरी जाति फायब्रोमा. ही तंतुमय, एकटी, हृदयाच्या भिंतींतच रुतलेली असते. ती आपोआप विरत नाहीं, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवूं शकते.

निदान कसें होतें

पूर्वीं या गांठी कळत त्या मृत्यूनंतर. बाळ जन्मतांच धापा टाकूं लागे, निळें पडे, छातीला कान लावला तर ठोके दूरून आल्यासारखे क्षीण ऐकूं येत. क्ष-किरणांच्या चित्रांत हृदयाची छाया फुगलेली दिसे. पण आंत काय आहे हें पाहावयाचें कसें?

तो मार्ग जहाजांच्या कारखान्यांतून आला, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. पोलादाच्या पत्र्यांत भेग आहे कीं काय हें शोधण्यासाठीं, कानास ऐकूं न येणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि टिपणारें यंत्र कारखान्यांत वापरीत. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें इंगे एड्लर या हृदयरोगतज्ज्ञानें व हेल्मुट हर्ट्झ या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अशाच यंत्रानें जिवंत माणसाच्या हृदयाच्या हालचाली टिपल्या. हा हर्ट्झ म्हणजे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या गुस्टाव्ह हर्ट्झचा मुलगा. आणि विद्युल्लहरींचा शोध लावणारे हाइनरिख हर्ट्झ हे गुस्टाव्हचे चुलते. विद्या एका घराण्यांत कशी झिरपत जाते याचें हें सुंदर उदाहरण आहे. तिकडे स्कॉटलंडमध्यें ग्लासगो येथें इयान डोनल्ड या प्रसूतितज्ज्ञानें हीच युक्ति पोटांतील गांठींवर लावून पाहिली व १९५८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती अशा एका स्त्रीच्या पोटांत केवळ अंडाशयाची पाण्याची मोठी गांठ आहे, हें त्याच्या यंत्रानें दाखविलें, आणि ती बाई वांचली.

आज गर्भाच्या हृदयाची जी विशेष तपासणी होते तिला ‘फीटल इको’ म्हणतात. ती नेहमींच्या सोनोग्राफीहून अधिक बारीक असते व ती करणारा जाणकार वेगळा असतो. तींत क्ष-किरण नसल्यामुळें ती पुन्हा पुन्हा करण्यास प्रत्यवाय नाहीं. पाहणाऱ्यास गांठीचें कुळ बरेंच ओळखतां येतें. भिंतींत रुतलेल्या, एकसारख्या उजळ दिसणाऱ्या अनेक गांठी असल्या तर त्या बहुधा स्नायूच्या. हृदयाच्या बाहेर, पिशवीच्या आंत, कोठें घन तर कोठें पाण्याचे कप्पे असलेली, मधूनमधून चुन्याचे कण चमकणारी व भोंवतीं पाणी असलेली एकच गांठ असली तर ती बहुधा टेराटोमा. नांव ठरविण्याहूनही महत्त्वाचें तें पुढें: रक्ताचा मार्ग अडतो काय, पाणी वाढतें काय, ठोक्यांची लय सांभाळते काय, अंगावर सूज येऊं लागली काय. हें एका तपासणींत कळत नाहीं. दर आठवड्यास, प्रसंगीं त्याहून लवकर, पाहावें लागतें.

शस्त्र केव्हां व कसें

हृदय हें सद्यःप्राणहर मर्म आहे, त्यास इजा झाली तर माणूस वांचत नाहीं, असें सुश्रुतानें १०७ मर्में गणतांना सांगितलें. युरोपांतील शस्त्रवैद्यही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत याच मताचे होते. १८९६ सालीं फ्रँकफुर्ट येथें लुडविग रेन यानें सुरीच्या वारानें फाटलेलें एका तरुणाचें हृदय शिवलें व तो जगला, तेव्हां ही समजूत प्रथम ढळली. १९४२ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यानें हृदयावरणांतील टेराटोमा शस्त्रानें काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९४४ च्या नोव्हेंबरांत बाल्टिमोर येथें हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं एका निळ्या पडलेल्या तान्ह्या मुलीच्या हृदयाजवळील धमन्या जोडून दाखविल्या. ही रीति प्रयोगशाळेंत प्राण्यांवर बसवून देणारे व्हिव्हियन थॉमस त्या वेळीं पाठीमागें उभे राहून त्यांस सांगत होते. थॉमस हे कृष्णवर्णी होते, वैद्यकाची पदवी त्यांस नव्हती, आणि त्यांच्या कामाचें मोल जगास पुष्कळ उशिरां कळलें. १९५३ सालीं फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनीं एका १८ वर्षांच्या मुलीचें रक्त २६ मिनिटें यंत्रांतून फिरवून तिच्या हृदयाचें छिद्र बुजविलें. हृदय व फुप्फुसें यांचें काम करणाऱ्या या यंत्रामुळें पुढचा सर्व मार्ग मोकळा झाला.

आतां प्रत्यक्ष टेराटोमाच्या बाळाचें काय करतात तें पाहूं. पाणी वाढून हृदय दबूं लागलें, पण दिवस अजून फार अपुरे आहेत, अशा वेळीं सोनोग्राफीच्या नजरेखालीं आईच्या पोटांतून एक बारीक सुई बाळाच्या हृदयावरणांत नेऊन पाणी काढतात. त्यानें हृदय मोकळें होतें व बाळास आणखी कांहीं दिवस पोटांत राहतां येतें. मात्र पाणी पुन्हा भरण्याचा संभव असतो. येथें डॉक्टरांपुढें खरा पेंच असतो. लवकर प्रसूति करावी तर फुप्फुसें कच्चीं. थांबावें तर हृदय बंद पडण्याची भीति. सुमारें ३४ आठवडे झाले म्हणजे फुप्फुसांची बाजू पुष्कळ सावरते. म्हणून एकेक आठवडा मोजून घेतात.

प्रसूति बहुधा शस्त्रक्रियेनें, ठरलेल्या दिवशीं, आणि जेथें बालहृदयाचे शस्त्रवैद्य तयार उभे आहेत अशाच ठिकाणीं करतात. बाळास भूल देणें ही सर्वांत नाजूक घटका. कारण शिथिल झालेल्या शरीरांत गांठीचा भार हृदयावर व शिरांवर एकदम पडूं शकतो. मग छातीचें मधलें हाड उघडून हृदयावरण छेदतात. सांचलेलें पाणी बाहेर पडतांच दबलेलें हृदय पुन्हा भरूं लागतें. नंतर गांठ हलक्या हातानें सोडवीत तिच्या देंठापर्यंत जातात. महारोहिणीच्या मुळांतून गांठीस पोसणाऱ्या बारीक धमन्या बांधून घ्याव्या लागतात. तेथें निसटलें तर पाव लिटर रक्ताच्या धन्यास चमचाभर रक्त गेलेलेंही परवडत नाहीं. बहुतेक वेळां ही गांठ हृदय न थांबवितां निघते, पण गिबनच्या यंत्राचा वारसा शेजारीं तयार ठेवलेला असतो. गांठ पूर्ण निघाली कीं ती पुन्हा होणें विरळा. तथापि तिच्यांत क्वचित् कच्च्या पेशी असतात, म्हणून कांहीं काळ रक्ताची व इकोची तपासणी चालू ठेवतात.

याहून पुढचें पाऊलही पडलें आहे. गर्भाशय उघडून, बाळ नाळेवरच ठेवून, त्याच्या हृदयाजवळील गांठ काढावयाची व गर्भाशय पुन्हा शिवून गरोदरपण पुढें चालूं द्यावयाचें! फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयांतील डॉक्टरांनीं अशा यशाचा वृत्तांत २०१६ मध्यें प्रसिद्ध केला. २०२१ सालीं क्लीव्हलंड क्लिनिकमध्यें २६ आठवड्यांच्या गर्भावर ही क्रिया झाली व सुमारें १० आठवड्यांनंतर तें बाळ जन्मास आलें. ज्या शहरांत बेकनें १९४२ सालीं आपला वृत्तांत लिहिला त्याच शहरांत, ७९ वर्षांनीं. हा उपाय सर्वांसाठीं नाहीं. त्यांत आईच्या जिवासही जोखीम असते. दुसरा मार्ग उरलेला नसतो तेव्हांच त्याचा विचार होतो.

शस्त्र केव्हां नको

शस्त्र चालविणें हें जितकें कौशल्याचें, तितकेंच तें न चालविणेंही. स्नायूच्या गांठी जन्मानंतर बहुधा आपोआप लहान होत जातात. कित्येक तर नाहींशा होतात. रक्ताचा मार्ग अडला, किंवा लय धोक्याची झाली, तरच त्यांस हात लावावयाचा. म्हणून ‘डॉक्टर कांहींच करीत नाहींत, नुसते पाहतात’ अशी तक्रार करणाऱ्या वडील मंडळींनीं जरा धीर धरावा. पाहत राहणें हाही येथें एक उपचारच आहे.

धोक्याच्या कांहीं बाळांत आतां औषधाचाही उपयोग होऊं लागला आहे, आणि त्याची कथा आपल्या देशाशीं जोडलेली आहे. १९६४ सालीं कॅनडाचें एक पथक पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेलें व तेथील मातीचे नमुने घेऊन आलें. माँट्रियलच्या एका औषधी प्रयोगशाळेंत त्या मातींतील सूक्ष्म जंतूंपासून एक द्रव्य निघालें. बेटाच्या तेथील लोकांच्या ‘रापा नुई’ या नांवावरून त्यास रापामायसिन म्हणूं लागले. या कामाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सहगल हे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत शिकलेले. पुढें कंपनीनें तें काम थांबविलें, तेव्हां या गृहस्थांनीं त्याचे नमुने आपल्या घरच्या शीतपेटींत जपून ठेविले व कित्येक वर्षांनीं काम पुन्हा सुरू करविलें. १९९९ मध्यें अमेरिकेंत मूत्रपिंडाच्या रोपणासाठीं त्या औषधास मान्यता मिळाली. पुढें असें कळलें कीं, ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्यें पेशींच्या वाढीचा जो लगाम सुटतो, तो हेंच द्रव्य व त्याचीं भावंडें आवळून धरतात. त्यांच्या योगानें अर्भकांच्या हृदयांतील मोठ्या गांठी लवकर आक्रसल्याचीं उदाहरणें आज वैद्यकांत नमूद आहेत. सहगल २००३ मध्यें निवर्तले. शीतपेटींत ठेवलेली ती कुपी कोणाच्या कामीं येणार हें त्या वेळीं त्यांस तरी कोठें ठाऊक होतें?

मात्र हृदयाची गांठ विरली म्हणजे काम संपलें असें नाहीं. अशा बाळाचा मेंदू, मूत्रपिंडें, डोळे व त्वचा हीं वेळोवेळीं तपासून घ्यावीं लागतात. अंगावर पांढरट डाग दिसणें, बाळानें एकाएकीं हातपाय आखडून दचकल्यासारखे झटके देणें, यांस ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओंवाळीत बसूं नये. झटक्यांवर उपचार जितका लवकर, तितकें मेंदूचें नुकसान कमी.

एवढ्याशा जीवास वेदना

‘एवढ्याशा जिवाला कापूं नका, देवाच्या इच्छेवर सोडा,’ असें म्हणणाऱ्या आजींच्या मनांत क्रूरता नसते, माया असते. त्या मायेस उत्तर दिलें पाहिजे. तान्ह्या बाळास वेदना कळत नाहींत, असें एके काळीं खुद्द डॉक्टरच मानीत; १९८० नंतरही कित्येक ठिकाणीं अर्भकांवर अपुऱ्या भुलीनें शस्त्रक्रिया होत. हें मत खोडून काढण्यांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचा वांटा मोठा आहे. हृदयाजवळची एक नलिका बांधण्याची शस्त्रक्रिया ज्यांवर व्हावयाची होती अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा त्यांनीं अभ्यास केला. ज्यांस वेदनाशामक औषध पुरेसें दिलें तीं बाळें शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगलीं राहिलीं, हें त्यांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें. तेव्हांपासून अर्भकाच्या भुलीचें व वेदनेचें शास्त्रच बदललें. ‘त्याला दुखेल हो’ हें आजीचें म्हणणें अशा रीतीनें खरें ठरलें. पण त्यावरून शस्त्रक्रिया टाळावी असें न ठरतां, ती वेदनेवांचून करावी, असें ठरलें.

घरच्या मंडळींस चार शब्द

पहिली गोष्ट, दोष कोणाच्या माथीं मारूं नये. डोहाळे न पुरविल्यास गर्भास व्यंग येतें, असें सुश्रुतही म्हणतो. डोहाळे जरूर पुरवावे. गरोदर स्त्रीचें मन प्रसन्न ठेवण्याची ती रीति शहाणपणाची आहे. परंतु ही गांठ डोहाळे राहिल्यानें होत नाहीं, ग्रहणांत विळी धरल्यानें होत नाहीं, सुनेच्या नोकरीनें किंवा माहेरच्या पत्रिकेनेंही होत नाहीं. ग्रंथाचा आदर म्हणजे त्यांतील प्रत्येक वाक्य आजच्या घरावर लादणें नव्हे. सुश्रुत स्वतः शव कुजवून, थर काढून, डोळ्यांनीं पाहून मग लिहा असें सांगणारा. सोनोग्राफी त्याच्या हातीं असती तर त्यानें ती प्रथम वापरली असती.

दुसरी गोष्ट, जागा नीट निवडावी. घराजवळचें ओळखीचें प्रसूतिगृह कितीही चांगलें असलें, तरी जेथें प्रसूति, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग व बालहृदयाची शस्त्रक्रिया एकाच छपराखालीं आहेत तेथेंच जावें. जन्मल्यावर बाळ गाडींतून धांवपळ करीत नेण्यापेक्षां पोटांत असतांनाच त्यास तेथें नेणें सर्वांत सुरक्षित. डॉक्टरांस विचारावें: गांठ एक कीं अनेक, हृदयाच्या आंत कीं बाहेर, पाणी आहे काय, रक्ताचा मार्ग अडतो काय, पुन्हा केव्हां पाहणार, आणि अशा किती बाळांवर येथें शस्त्रक्रिया झाली आहे? यांत संकोच कसला? उत्तरें कागदावर लिहून घ्यावींत. घाबरलेल्या माणसाच्या स्मरणावर विसंबूं नये.

तिसरी गोष्ट, या यंत्रास भलतें विचारूं नये. मुलगा कीं मुलगी हें सांगण्यास आपल्या राज्यांत १९८८ पासून व देशांत १९९४ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि ती योग्य आहे. ज्या यंत्रानें हृदय वांचवावयाचें त्यानेंच लेकींचीं हृदयें थांबविलीं, हा कलंक आपण विसरूं नये.

चौथी गोष्ट, हें ज्ञान उंबरठ्याच्या आंतच ठेवूं नये. बालकांच्या तपासणीची सरकारी योजना २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच पालघर येथें सुरू झाली. जन्मजात हृदयविकाराची तपासणी व पुढील उपचाराची सोय तींत आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या सुनेचा कागद कोणी वाचून दाखविला नाहीं म्हणून एक बाळ जावें, हें शिकलेल्या घराला शोभणारें नाहीं.

आणि शेवटची गोष्ट. कागदावरील मजकूर जिच्या बाळाविषयीं आहे तिला तो प्रथम सांगावा, शांतपणें, पतीच्या समक्ष, सर्व खरें. तिला धक्का बसेल म्हणून लपविणारी माणसें विसरतात कीं, घरांतले चेहरे ती रोजच वाचीत असते, आणि न कळलेलें संकट कळलेल्या संकटाहून तिला अधिक झोप उडविणारें असतें. सुई टोंचून घेणार ती, शस्त्रक्रियेच्या मेजावर निजणार ती, आठवडे मोजणार ती. निर्णयाच्या चर्चेंत तिची जागा दाराआड नसावी. वडील मंडळींनीं तिला आपल्याजवळ बसवून घेऊन मगच बोलण्यास आरंभ करावा.